विज्ञानकथेतील जलद क्लोनिंग आणि क्लोनची फौज : एक सैनिक ‘वाढवायला’ किती दिवस लागावेत?

रंकाळ्याकाठचा (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी एक विज्ञानकथा लिहितो आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी, डोंगराच्या पोटात बांधलेल्या एका गुप्त केंद्रात एकाच माणसाच्या पेशींपासून सैन्य तयार केले जाते, अशी तिची कल्पना आहे. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते : ‘वीस दिवसांत टाकीतून पूर्ण वाढलेला सैनिक बाहेर येतो.’ हे वाक्य लिहून झाले आणि त्याच वाक्यापाशी मी तीन आठवडे अडकून बसलो आहे.

वीस दिवसांचा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. विज्ञानकथांमध्ये या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. १९३२ साली आलेल्या ऑल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत एका बीजांडापासून ९६ पर्यंत एकसारखी माणसे निर्माण होतात, पण ती बाळे म्हणूनच जन्मतात आणि त्यांना लहानपणापासून घडवावे लागते. २००२ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात कामिनो ग्रहावरचे शास्त्रज्ञ वाढीचा वेग दुप्पट करतात, त्यामुळे दहा वर्षांत प्रौढ सैनिक तयार होतो. दोन लाख तयार आहेत आणि आणखी दहा लाख वाटेवर आहेत, असे तिथे सांगितले जाते. त्याच विश्वावर १९९१ पासून आलेल्या टिमथी झान यांच्या तीन कादंबऱ्यांमध्ये मात्र हाच कालावधी काही आठवड्यांवर येतो. तिथे लेखकाने एक अडचण प्रामाणिकपणे मांडली आहे : एक वर्षापेक्षा कमी वेळात वाढवलेला क्लोन वेडा होतो. पुढे त्या अडचणीवर त्याने त्याच विश्वातला एक काल्पनिक उपाय शोधला आहे. उपायापेक्षा मला ती अडचण जास्त खरी वाटली.

हा विषय इथे मांडण्यामागे कारण आहे. ज्या कोल्हापुरात १९३८ साली जयंत नारळीकरांचा जन्म झाला, त्या गावात बसून विज्ञानकथा लिहिताना आकडा नुसता ठोकून द्यावा, हे माझ्या मनाला पटत नाही. कल्पनेला एक सवलत मिळावी हे मान्य आहे. पण ती सवलत नेमकी कुठे घेतली आणि तिची किंमत कथेत कोणी मोजली, हे लेखकाला ठाऊक असलेच पाहिजे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. क्लोन तयार करणे आज प्राण्यांमध्ये शक्य आहे, ते मी गृहीत धरतो. पण त्याला *लवकर वाढवणे* या एका गोष्टीत काय काय दडलेले आहे? आपापल्या क्षेत्रातले जे ठाऊक असेल ते कृपया सविस्तर सांगावे.

---

पशुवैद्य करवीर

आपण प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे. क्लोनिंग या शब्दाने सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर छायाप्रतीचे यंत्र उभे राहते. प्रत्यक्षात क्लोनिंगमध्ये मिळतो तो एक भ्रूण, आणि त्यानंतरचा प्रवास इतर कोणत्याही भ्रूणाइतकाच लांब असतो.

डॉली मेंढीचेच पाहा. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत २७७ बीजांडांवर प्रयोग झाल्यावर एक कोकरू जगले, ते ५ जुलै १९९६ रोजी जन्मले. पेशी सहा वर्षांच्या मेंढीची होती, तरीही गर्भकाळ मेंढीचा जो असतो तोच, म्हणजे पाच महिन्यांच्या आसपास राहिला, आणि डॉली इतर कोकरांप्रमाणेच सावकाश वाढली.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने म्हशीच्या क्लोनिंगसाठी जी पद्धत वापरली, तिच्यात महागडे सूक्ष्महाताळणी यंत्र लागत नाही. बीजांडातील केंद्रक हाताने, बारीक पात्याने काढले जाते. त्यामुळे प्रयोगशाळेतले काम सोपे, स्वस्त आणि वेगवान झाले. तरीही फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले पहिले रेडकू काही दिवसांतच दगावले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेल्या गरिमाला म्हशीच्या पोटात दहा महिने काढावेच लागले. माणसाने आपल्या हातचे काम लवकर उरकले, म्हशीच्या पोटातले काम तिच्याच गतीने झाले.

मग वाढ लवकर करता येतच नाही का? येते, आणि तिचे फळ आपण रोज पाहतो. ब्रॉयलर कोंबडी पाहा. १९५७ च्या काळातला वाण आणि २००५ चा वाण एकत्र वाढवून पाहिले गेले, तेव्हा ५६ दिवसांत जुना पक्षी सुमारे ९०० ग्रॅमचा झाला आणि नवा सुमारे ४ किलो २०० ग्रॅमचा. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचे यश आहे. पण शेडमध्ये गेल्यावर मला दिसतात ते पक्षी पाय फाकून बसलेले असतात; स्नायूंच्या वजनाला हाडांनी साथ दिलेली नसते. हृदय आणि फुप्फुसे मागे पडतात, पोटात पाणी साठते, आणि काल सायंकाळपर्यंत दाणा खाणारा धडधाकट पक्षी सकाळी उताणा पडलेला सापडतो. शरीराचे सगळे अवयव एकाच घाईने वाढत नाहीत. आपल्या कथेतल्या सैनिकाला आपण वीस दिवसांत उभे केलेत, तर त्याचे गुडघे आणि हृदय यांच्याकडे आधी लक्ष द्या.

एक गैरसमजही दूर करतो. क्लोन लवकर म्हातारा होतो हे पुष्कळ कथांमध्ये येते. डॉली २००३ मध्ये गेली, तिला संधिवात होता, म्हणून तो समज पसरला. परंतु तिला मारावे लागले ते फुप्फुसाच्या विषाणूजन्य गाठीमुळे. त्याच पेशींपासून जन्मलेल्या आणखी चार मेंढ्या २०१६ च्या तपासणीत वयाच्या मानाने निरोगी आढळल्या. तेव्हा अकाली वार्धक्य आणायचेच असेल तर ते घाईच्या वाढीमुळे आणा, क्लोनिंगच्या माथी मारू नका.

---

गणितमास्तर

मी निवृत्त शिक्षक आहे. जीवशास्त्र माझा विषय नव्हे, परंतु आकडे मांडून पाहण्याची सवय सुटत नाही, म्हणून काल रात्री कागद घेऊन बसलो.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. एका पेशीपासून सुरुवात करून प्रत्येक वेळी दुप्पट करत गेलो, तर ४५ व्या दुपटीला आपण ३५ लाख कोटींपर्यंत पोहोचतो. फक्त ४५ दुपटी! बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण एका दिवसात दुभंगते. म्हणजे सगळ्या पेशी न थांबता दुभंगत राहिल्या, तर दीड महिन्यात माणसाएवढ्या पेशी तयार. वीस दिवसांसाठी एका दुपटीला पावणेअकरा तासांहूनही थोडा कमी वेळ मिळतो. फळमाशीच्या अंड्यात सुरुवातीची विभाजने दहा मिनिटांच्या आत होतात, तेव्हा तुमच्या कल्पनेला इथे फारसे ओढूनताणून आणावे लागत नाही.

पण पेशींचा ढीग म्हणजे माणूस नव्हे, हे वरच्या उत्तरात डॉक्टरांनी सांगितलेच आहे. शिवाय फळमाशीच्या अंड्यात सगळी शिदोरी आधीच भरलेली असते, त्यामुळे तिथे फक्त वाटणी होते. माणसाला बाहेरून खावे लागते. म्हणून आता अन्नाचा हिशेब करू.

जन्माच्या वेळचे ३ किलो आणि प्रौढाचे ६५ किलो, असे ६२ किलो वाढवायचे आहेत. वर्षभर दिले तर रोज १७० ग्रॅम. वीस दिवसांत उरकायचे तर रोज ३ किलो १०० ग्रॅम. बाळाचे वजन एक ग्रॅमने वाढायला साधारण ५ किलोकॅलरी खर्च होतात. तोच दर धरला तर रोज १५,५०० किलोकॅलरी केवळ वाढीसाठी लागतील. शेतात राबणारा गडी दिवसाला जेवढे खातो त्याच्या पाच-सहा पट हे झाले, आणि हे सगळे तोंडाने न खाता रक्तात पोहोचवायचे आहे.

आता फौजेकडे या. दोन लाख टाक्या एकाच वेळी चालू आहेत असे समजू. उष्मांकाचा हिशेब साखरेत मांडला, तर प्रत्येक टाकीला रोज सुमारे ३ किलो ९०० ग्रॅम, आणि दोन लाख टाक्यांना मिळून रोज सुमारे ७७५ टन साखर लागेल. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हा आकडा लगेच कळेल : दिवसाला ७,००० टन ऊस गाळणारा कारखाना, बारा टक्के उतारा धरला तर, ८४० टन साखर काढतो. म्हणजे एका मोठ्या कारखान्याचे संपूर्ण उत्पादन वीस दिवस या डोंगराच्या पोटात ओतावे लागेल. प्रथिने, चुना, लोह यांचा हिशेब वेगळाच राहिला. आणि एवढे अन्न जाळल्यावर निर्माण होणारी उष्णता बाहेर काढली नाही, तर आतला माणूस तापाने जाईल. चित्रांमध्ये क्लोन नेहमी द्रवाने भरलेल्या टाकीत दाखवतात, ते मला या हिशेबानंतर योग्य वाटू लागले. वाहते पाणी उष्णता नेते.

म्हणून माझी सूचना अशी की आपले गुप्त केंद्र गुप्त राहणार नाही. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा आणि नदीत सोडलेले कोमट पाणी यांवरून ते कोणीही शोधून काढेल. कथेत शोध घेणारे पात्र असेल, तर त्याला हा धागा द्या.

---

रंकाळ्याकाठचा

सर, कोमट पाण्याची कल्पना मी घेतली. नदीच्या एका वळणावर थंडीतही धुके उठते आणि मासे उलटे तरंगतात, इथून कथा सुरू करता येईल. मनापासून आभार.

---

बेणेमळा

मी शिरोळ तालुक्यातला ऊस-शेतकरी. वरची चर्चा वाचताना सतत एकच गोष्ट मनात येत होती : क्लोनची फौज आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आहोत. ऊस बियांपासून लावत नाहीत. दोन डोळ्यांची टिपरी किंवा एक डोळा मातीत पुरतात आणि त्या डोळ्यातून जो ऊस येतो, तो आईचा हुबेहूब क्लोन असतो. आमच्या भागात को ८६०३२ या एकाच वाणाचे क्षेत्र केवढे आहे ते बघा. कोसच्या कोस शिवारात जनुकांच्या दृष्टीने एकच झाड लाखो वेळा उभे आहे.

या फौजेचा अनुभव मी सांगतो, कारण ती कशाने पडते हे मला ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून बेणे आणले. दिसायला ठोसर, डोळे फुगीर, कुठे डाग नाही. लागणीनंतर चौथ्या महिन्यात एका बेटाच्या शेंड्यातून काळा, लांब, चाबकासारखा वळलेला तुरा बाहेर आला. हात लावला तर बोटाला काजळी लागली. ती चाबूक काणी होती, उसाचा बुरशीचा रोग. आठ दिवसांत पलीकडच्या सरीत, पंधरा दिवसांत रानाच्या दुसऱ्या टोकाला ती दिसली. पोते घालून, काजळी उडू न देता एकेक बेट मुळासकट उपटून जाळताना मला एक गोष्ट लख्ख कळली : या रानात एकाही उसाकडे असे काही वेगळे नव्हते, जे त्याला वाचवील. जे एकाला लागले ते सगळ्यांना लागणार होते. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणाने बहुतेक सगळे क्षेत्र व्यापले आणि मग लाल कूज रोगाने त्याला गाठले, तीही हीच गोष्ट आहे.

म्हणून माझे मत असे आहे की क्लोनच्या फौजेचा पराभव करायला शत्रूला तोफांची गरज नाही. एक सर्दी पुरे. सगळ्यांची प्रतिकारशक्ती एकाच साच्यातली, आणि त्यातही वीस दिवस निर्जंतुक टाकीत काढलेली. गावातले पोर मातीत खेळून, पावसात भिजून, दोन-चार तापातून उठून जे कमावते, ते यांच्याकडे शून्य असणार.

वाढीच्या वेळेबद्दलही सांगतो. सुरू ऊस बारा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा, आडसाली सोळा ते अठरा महिन्यांचा. युरियाचा मारा करून ऊस लवकर उंच करता येतो, पण तो पोकळ राहतो, वाऱ्याने लोळतो आणि उतारा देत नाही. साखर उसात भरते ती वाढ मंदावल्यावर, थंडी पडल्यावर. नुसती उंची मोजणारा शेतकरी फसतो.

आणि एक. बेणे एकच असले तरी नदीकाठच्या मळीच्या रानातला ऊस आणि माळावरच्या मुरमातला ऊस शेजारी ठेवलेत, तर तुम्ही शपथेवर सांगाल की हे दोन वाण आहेत.

---

पशुवैद्य करवीर

शेवटच्या मुद्द्याला पुष्टी देतो. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत पहिले क्लोन मांजर जन्मले. ज्या मांजरीपासून ते घेतले ती तिरंगी होती, आणि पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंगाचा मागमूसही नव्हता. एकच जनुकसंच असूनही केसांचा रंग जुळला नाही, कारण त्या मांजरांत रंग देणारे जनुक कोणत्या पेशीत चालू राहील आणि कोणत्या पेशीत बंद होईल, हे भ्रूणाच्या वाढीत आपापले ठरते. दोन लाख सैनिक अगदी एका छापाचे दाखवणे हे चित्रपटाच्या सोयीचे आहे, निसर्गाच्या नव्हे.

---

पोथीवाचक

नवरात्रात अंबाबाईच्या मंदिरात पाठ ऐकत मोठी झालेली मी एक बाई आहे. या विषयाचा आमच्या पोथीशी काय संबंध असे कोणी म्हणेल, पण मला तो फार जवळचा वाटला.

देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायात रक्तबीज येतो. त्याच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की तिथे तितक्याच बळाचा, तितक्याच आकाराचा दुसरा असुर उभा राहतो. त्याला बाळपण नाही, शिकणे नाही. जखम हीच त्याची पैदास. शेवटी चामुंडा ते रक्त जमिनीवर पडूच देत नाही. आपल्या परंपरेत झटपट क्लोनिंगची कल्पना आहे ती ही, आणि तिच्यावरचा उपायही पुरवठा तोडण्याचा आहे. मास्तरांनी साखरेच्या ट्रॉल्यांचा मुद्दा मांडला तेव्हा मला हेच आठवले.

महाभारतातल्या आदिपर्वात याच्या अगदी उलट गोष्ट आहे. गांधारीच्या पोटी मांसाचा गोळा आला, व्यासांनी त्याचे एकशे एक भाग केले आणि तुपाने भरलेल्या कुंभांत ते दोन वर्षे राखून ठेवले. कुंभांतून बाहेर आली ती बाळे होती, योद्धे नव्हेत. त्यांना रांगावे लागले, द्रोणांकडे शिकावे लागले. आणि एकाच गोळ्यातून निघालेल्या त्या शंभर भावांमध्ये विकर्ण निघाला, जो भर सभेत द्रौपदीच्या बाजूने उभा राहून बोलला. तुमच्या फौजेत विकर्ण असणार आहे का, धागाकर्त्यांनी जरूर विचार करावा.

---

रंकाळ्याकाठचा

ताई, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. कामिनोच्या शास्त्रज्ञांनी आपल्या क्लोनमधली स्वतंत्र वृत्ती कमी केली होती असे चित्रपटात सांगितले आहे, म्हणजे विकर्णाची भीती त्यांनाही होती. माझ्या कथेत टाकीत असतानाच मेंदूत प्रशिक्षण ‘भरले’ जाते, असे मी लिहिले आहे. यावर कोणी बोलेल का?

---

मातीतला

मेंदूचे मला कळत नाही, शरीराचे कळते. मी आठव्या वर्षी तालमीत गेलो आणि बावीस वर्षे हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, काढली.

खासबागेच्या मैदानात उतरणारा पैलवान पाहिलात तर त्याचे कान पाहा. ते मोडलेले, दुमडून कडक झालेले असतात. वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला आणि मातीला घासून ते तसे होतात. त्या पैलवानाची पेशी घेऊन तुम्ही दुसरा पैलवान केलात, तर त्याचे कान बाळाच्या कानांसारखे कोवळे निघतील. कान हे दिसणारे लक्षण आहे. न दिसणारी शंभर लक्षणे तशीच कोरी असतील. मान किती वळवल्यावर डाव सुटतो, समोरच्याचा श्वास कधी लागला, आपला पाय मातीत कधी रुतला, हे पेशीत लिहिलेले नसते.

वस्ताद आम्हाला पहिली दोन वर्षे डाव शिकवत नसत. पहाटे उठून हौदा उकरायचा, ताक, हळद, तेल, लिंबू टाकलेली माती फावड्याने खालीवर करायची, जोर-बैठका मारायच्या आणि पडायचे. पडायला शिकायचे. कसे पडावे हे ज्याला समजले नाही, त्याचे हाड पहिल्याच कुस्तीत जाते. डाव डोक्यात भरता येईल असे क्षणभर मानू, परंतु पडणे अंगातच उतरावे लागते. त्याला दुसरा मार्ग मी तरी पाहिलेला नाही.

---

गणितमास्तर

मेंदूबद्दल वाचनात आलेली एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक वाटते. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाची एक पापणी जन्मानंतरच्या कोवळ्या काळात शिवून ठेवली. नंतर ती उघडली, तेव्हा डोळा निर्दोष होता, पण मेंदूला त्या डोळ्याने पाहता येईना. पाहण्याची जोडणी पाहूनच होते, आणि तिची वेळ टळली की ती पुन्हा नीट होत नाही. या कामाला १९८१ चे नोबेल मिळाले. तेव्हा बंद टाकीत, अंधारात वाढलेला आपला सैनिक बाहेर येईल तेव्हा त्याचे डोळे उघडे असतील, मात्र त्याला बंदूक आणि काठी वेगळी दिसेल का, हीच शंका आहे.

हाडांचेही तसेच. हाड भार पेलूनच मजबूत होते. अंतराळात तरंगणाऱ्या अंतराळवीरांच्या हाडांतील खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. टाकीत तरंगणाऱ्याला तर भार कधी मिळालेलाच नाही.

---

निवृत्त सुभेदार

मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षे सेवा केली. आता गावी असतो. नातवाने हा धागा वाचून दाखवला.

वरच्या सगळ्या मुद्द्यांमध्ये एक लहान मुद्दा मिळवतो : तळपाय. बेळगावच्या केंद्रात पहिल्या आठवड्यात नव्या रंगरुटांच्या टाचांना फोड येत. त्यातही जी पोरे अनवाणी शाळेत गेलेली, नांगरामागे चाललेली असत, त्यांना कमी येत. शहरातल्या पोरांचे बूट सायंकाळी काढले की मोजे रक्ताने चिकटलेले असत, ते कोमट पाण्यात भिजवून सोडवावे लागत. तुमचा सैनिक टाकीतून निघाला तेव्हा त्याचा तळपाय तान्ह्या मुलाच्या तळपायासारखा असणार. त्याला बूट घालून पाच किलोमीटर चालवा. दोन लाखांची फौज पहिल्या रात्री बसून जाईल.

दुसरा मुद्दा सेक्शनचा. दहा जणांच्या सेक्शनमध्ये मला कधीही दहा सारखे जवान नको होते. एकाला नदी कळायची, कारण तो पंचगंगेकाठी पोहत वाढला. एकाला रात्री आवाज ओळखता यायचे. एक जण रडक्याला हसवायचा, आणि खरे सांगतो, वाईट रात्री त्याचे मोल नेमबाजापेक्षा जास्त असायचे. दहाही जण एकाच माणसाचे क्लोन असतील तर जे एकाच्या नजरेतून सुटेल ते दहांच्या नजरेतून सुटेल, आणि जिथे एक घाबरेल तिथे दहाही घाबरतील. बेणेमळा यांनी रोगाबद्दल जे सांगितले ते भीतीलाही लागू आहे.

हुकूम पाळण्याबद्दल लोकांचा एक समज असतो की चांगला सैनिक विचार करत नाही. वायरलेस बंद पडल्यावर, अधिकारी पडल्यावर जो स्वतः विचार करतो त्याच्या जिवावर पलटण परत येते. ती वृत्ती काढून टाकलेला सैनिक मला फुकट दिला तरी मी घेणार नाही.

---

विधिज्ञा

चर्चा आतापर्यंत शरीराची आणि लढण्याच्या क्षमतेची झाली. मी कायद्याच्या बाजूने एक प्रश्न मांडते, कारण माझ्या मते कथेचा गाभा तिथे आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे मूल जन्माला घालण्यासाठी मानवी क्लोनिंगला मनाई आहे, तेव्हा आपले केंद्र बेकायदा आहे हे उघडच आहे. पण ते चालले आणि सैनिक बाहेर आला असे धरू. १९८९ च्या बालहक्क करारानुसार पंधरा वर्षांखालील मुलाला सैन्यात भरती करता येत नाही. २००० सालच्या ऐच्छिक पूरक कराराने, ज्यात भारतही २००५ मध्ये सामील झाला, सक्तीच्या भरतीसाठी आणि प्रत्यक्ष लढाईसाठी ही मर्यादा अठरा वर्षांवर नेली. या करारांत वय मोजले जाते ते वर्षांनी. उंचीने नाही, दाढीने नाही.

मग टाकीतून आलेल्या आपल्या सैनिकाचे वय किती? दिसायला तो पंचवीस वर्षांचा आहे. जन्मून त्याला वीस दिवस झाले आहेत. कामिनोवरचा सैनिकही दहा वर्षांचाच होता, आणि प्रेक्षक म्हणून आपण सर्वांनी त्याला लढताना पाहिले. दोन लाख बालसैनिकांची ती फौज आहे, असे आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आले? माझ्या आले नव्हते. आज ही चर्चा वाचताना आले आणि मी फार अस्वस्थ झाले.

जलद क्लोनिंगचे यंत्र कथेत नेमके काय गाळून टाकते, ते आपण सगळे आपापल्या शब्दांत सांगत आहोत. सुभेदारसाहेब तळपायाबद्दल बोलले, मातीतला यांनी पडण्याबद्दल सांगितले, सरांनी डोळ्यांबद्दल. हे सगळे लहानपणी होते. त्या टाकीत माणसाचे लहानपण बुडवले जाते, आणि ज्याचे बुडवले त्याला कोणी विचारलेले नसते.

---

रंकाळ्याकाठचा

दोन दिवस काही लिहिता आले नाही. विधिज्ञाताईंचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला.

कथा बदलतो आहे. वीस दिवस काढून टाकले. बेणेमळा दादांच्या आडसाली उसाचा हिशेब मला पटला, म्हणून अठरा महिने धरतो. त्यात सरांच्या हिशेबाने रोज ११०-११५ ग्रॅम वाढ येते, ती विज्ञानकथेला पेलण्याजोगी सवलत आहे. टाक्या दोन लाख नाहीत, चाळीस आहेत. डोंगरातली सेना आता मला नको. एक खोली, चाळीस पलंग आणि चालायला शिकणारी चाळीस मोठी माणसे एवढेच हवे आहे. युद्ध कथेत येणारच नाही. निवेदक तिथला आरोग्यसेवक आहे, तो रोज त्यांचे तळपाय तपासतो. पहिल्यांदा अंगणात आणल्यावर त्यांच्यातला एक जण मातीवर पाय ठेवतो आणि पटकन उचलून घेतो, कारण खडा टोचतो म्हणजे काय होते हे त्याला माहीतच नसते. तो निवेदकाकडे पाहतो. तिथे कथा वळते. ताई, तोच पुढे विकर्ण होईल.

एक अडचण मात्र उरली आहे. निवेदकाजवळ एक नोंदवही आहे आणि तिच्यात ‘जन्मतारीख’ असा रकाना आहे. वरिष्ठांनी सांगितले आहे की ज्याच्या पेशी घेतल्या त्या माणसाची तारीख सगळ्यांपुढे लिहा, म्हणजे कागदोपत्री सगळे सव्वीस वर्षांचे होतील. डॉक्टर, प्राण्यांच्या बाबतीत ही नोंद कशी करतात?

---

पशुवैद्य करवीर

ज्या दिवशी ते जन्मले तीच तारीख लिहितात. सहा वर्षांच्या मेंढीची पेशी असूनही डॉलीची जन्मतारीख ५ जुलै १९९६ हीच आहे. गरिमाची जून २००९ आहे. पेशी देणाऱ्या जनावराची माहिती वेगळ्या रकान्यात जाते, वयाच्या रकान्यात कधीच नाही.

---

रंकाळ्याकाठचा

मग माझा आरोग्यसेवक रात्री दिव्याखाली बसून चाळीसही तारखा खोडेल आणि ज्या दिवशी ते टाकीतून बाहेर आले ती तारीख लिहील. खर्डा घटस्थापनेच्या आधी इथे देतो.